विश्लेषण : चेहरा मोबाईल ओळखतो, पण नाव कोण लावतं?

२२ जानेवारी २०१३ ला मुंबईत अंधेरी पश्चिमेला सात वर्षांची एक मुलगी शाळेबाहेरून गायब झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात नोंद झाली, गल्लोगल्ली पोस्टर लागले. या ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींच्या प्रकरणांवर काम करत होते. त्यांच्या पथकाने १६५ मुली शोधून काढल्या. राहिली ती एकच, अंधेरीची ही. म्हणून पेपरवाले तिला 'मुलगी नंबर १६६' म्हणू लागले. भोसले २०१५ ला निवृत्त झाले, तरी शोध त्यांनी सोडला नाही.

४ ऑगस्ट २०२२ ला मुलगी घरी आली. तोवर ती सोळा वर्षांची झाली होती. पोलिसांच्या तपासानुसार एका जोडप्याने तिला उचलून नेलं, गोवा-कर्नाटकात ठेवलं आणि पुढे स्वतःला मूल झाल्यावर पुन्हा मुंबईत आणून घरकामाला आणि मुलं सांभाळायला लावलं. ती सापडली तेव्हा तिचं खरं घर साधारण अर्ध्या किलोमीटरवर होतं. नऊ वर्षं राज्य पालथं घातलं आणि पोरगी बाजूच्या वस्तीत.

आता मुद्द्याचं. तिला शोधलं कोणी? कॅमेऱ्याने नाही, चेहरा ओळखणाऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरनेही नाही. ती जिथे कामाला जायची, तिथल्याच एका कामवाल्या बाईने तिची गोष्ट ऐकली आणि मोबाईलवर तिचं नाव टाकून 'हरवली' असं शोधलं. २०१३ चं पोस्टर निघालं. फोटो पाहून मुलीला स्वतःची ओळख पटली. पोस्टरवर पाच फोन नंबर होते, त्यातला एकच चालू होता, शेजाऱ्याचा. व्हिडिओ कॉल झाला, घरच्यांनी ओळखलं.

म्हणजे फोटो होता, पण नुसता फोटो कामाला आला नाही. फोटोला चिकटलेलं नाव कामाला आलं.

हे आज आठवायचं कारण आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. गणपती आटोपून चाकरमानी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला परतले की गावच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर येतो. आरतीचे, विसर्जनाचे, फुगडीचे. मग कोणीतरी म्हणतो, माझ्या आजीचे तेवढे वेगळे काढून पाठव. पूर्वी याला अख्खा दिवस जायचा. आता गुगल फोटोज उघडलं की वर गोल गोल चेहरे दिसतात. आजीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, 'आजी' असं नाव टाकलं, की तिचे सगळे फोटो एका जागी.

हे चालतं कसं, ते एकदा समजून घेतलं पाहिजे, कारण पुढे हाच हिशोब अंगणवाडीत आणि पोलीस ठाण्यात लागतो. मशीन आधी फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधते. मग त्या चेहऱ्याचं आकड्यांत रूपांतर करते. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत एका चेहऱ्यामागे १२८ आकडे धरले होते. दोन फोटोंचे आकडे जवळजवळ आले, की मशीन म्हणते माणूस एकच. किती जवळ आले म्हणजे एक धरायचा, ती रेघ माणसाने ठरवलेली असते. रेघ सैल ठेवली तर दोन सख्खे भाऊ एका गटात पडतात. कडक ठेवली तर फेटा बांधलेले आबा आणि टोपीतले आबा वेगळे होतात. मशीनला आजी कोण ते ठाऊकच नाही. तिला फक्त एवढं कळतं की हे चाळीस फोटो एकमेकांसारखे आहेत. 'आजी' हे नाव तुम्ही लावता.

कोणी म्हणेल, आमच्या मोबाईलने तर पोराचे बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो बरोबर एकत्र केले. केले असतील. कारण तुमच्याकडे दरवर्षीचे फोटो होते. दोन वर्षांचा तीन वर्षांच्यासारखा दिसतो, तीनचा चारच्यासारखा, अशी साखळी लागत जाते. अंधेरीच्या मुलीची मधली नऊ वर्षं कोरी होती. सातव्या वर्षीचा फोटो आणि सोळाव्या वर्षीचा चेहरा यांच्यामध्ये एकही कडी नाही. अशा ठिकाणी मशीन अडखळते.

दिल्लीत हा प्रयोग झालेला आहे. २०१८ मध्ये तिथे बालगृहांतल्या सुमारे ४५ हजार मुलांचे चेहरे हरवलेल्यांच्या फोटोंशी ताडून पाहिले आणि चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख पटल्याचं जाहीर झालं. देशभर बातम्या आल्या. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात महिला व बालविकास मंत्रालयाकडून सांगण्यात आलं, की या सॉफ्टवेअरची अचूकता एक टक्काही नाही आणि त्याला मुलगा-मुलगी यांतला फरकही कळत नाही. २०२२ मध्ये माहिती अधिकारात आणखी एक गोष्ट बाहेर आली. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य आलं की जुळलं असं धरतात. ती रेघ म्हणतात ती हीच. हरवलेलं मूल शोधताना रेघ सैल ठेवली तर फार तर दोन घरी चुकीचा फोन जाईल. संशयित शोधताना तीच रेघ सैल ठेवली तर भलताच माणूस आत बसेल.

अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१९ च्या डिसेंबरमध्ये १८९ सॉफ्टवेअर तपासून अहवाल दिला. त्यात बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त निघाली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीतही चुका जास्त. म्हणजे नेमके आपल्या घरातले.

आता गावाकडे येऊ. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार, म्हणजे ती पाकिटं, चेहरा पडताळल्याशिवाय देऊ नयेत असा केंद्राचा नियम झाला. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आधी गरोदर किंवा स्तनदा मातेची आधारवरून ई-केवायसी करायची, तिचा चेहरा नोंदवायचा आणि दर वेळी वाटप करताना मोबाईलसमोर तिला उभं करून तो जुळवायचा. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचा आहार असेल तर आईचा किंवा पालकाचा चेहरा. खोटी नावं दाखवून आहार उचलला जाऊ नये हा हेतू. हेतू चुकीचा म्हणता येणार नाही.

नावाविना फोटो घेतला तर काय होतं, ते रोजगार हमीत दिसलंच आहे. २०२३ च्या जानेवारीपासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो ॲपवर टाकणं सक्तीचं केलं. जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून गैरप्रकारांची यादी द्यावी लागली. भलतेच फोटो टाकले, फोटोचाच फोटो काढून टाकला, मस्टरवर बाया आणि फोटोत पुरुष, सकाळी एक माणसं तर दुपारी दुसरी. फोटो ढिगाने जमले, पण कोणत्या चेहऱ्याचं नाव काय हे कोणी पाहिलंच नाही. तेव्हा चेहरा आणि नाव जुळवायला हवं, यात वाद नाही. वाद आहे तो जुळलं नाही तर पुढे काय, यावर.

इथे अंधेरीचंच दुसरं उदाहरण घ्या. मुंबईच्या विमानतळावर 'डिजियात्रा' आहे. चेहरा दाखवा आणि आत जा. कित्येक प्रवासी वापरतात. पण ती ऐच्छिक आहे. चेहरा नाही जुळला किंवा दाखवायचाच नसला, तर बाजूच्या रांगेत जवान उभा असतो, ओळखपत्र बघतो आणि सोडतो. विमान चुकत नाही. अंगणवाडीत मात्र चेहरा सक्तीचा. जिथे पैसेवाल्याला पर्याय आहे, तिथे गरोदर बाईला का नसावा?

अडचणी काय येतात, ते कुठल्याही सेविकेला विचारा. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता चेहरा उतरलेला. वाडीवर रेंज नाही, म्हणून बाळ कडेवर घेऊन वरच्या सड्यापर्यंत चालायचं. सेविकेचा मोबाईल जुना. आणि आपल्या कोकणातली खास अडचण म्हणजे ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा असतो बोरिवलीला कामावर. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. चूक बाईची नाही, सेविकेचीही नाही. पण बोल ऐकते ती सेविका, आणि रिकाम्या हाताने परत जाते ती बाई.

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे, हे लक्षात ठेवावं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांची मुलं यांना अंगणवाडीचा आहार हक्क म्हणून दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात, आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही, असं म्हटलं आहे. चेहरा जुळला नाही म्हणून पाकीट नाकारलं, तर तारीख टाकून लेखी अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

आता पुन्हा घरच्या मोबाईलकडे. तुम्ही 'आजी' असं जे नाव टाकलं, ते राहतं कुठे? फोटोत नाही. ते तुमच्या गुगल खात्यात राहतं. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवला तर नाव जात नाही, समोरच्याला फाइल मिळते तारीख आणि नंबर असलेली. कोण माणूस, कुठला, काही नाही. जुन्या लोकांना 'पिकासा' आठवत असेल. संगणकावर २००९ मध्ये त्यात चेहऱ्यांना नावं देण्याची सोय आली, लोकांनी बसून हजारो नावं भरली. २०१६ मध्ये गुगलने पिकासा बंद केलं. बऱ्याच जणांची नावं जुन्या संगणकातच अडकून राहिली. फेसबुकनेही २०२१ मध्ये चेहरे ओळखणं बंद करून एक अब्जाहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांचे साचे पुसायचं जाहीर केलं. कंपनीची मर्जी, कंपनीचा निर्णय. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांना 'डिजिकॅम' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते नाव फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवू शकतं. बाकीच्यांनी निदान फाइलचं नाव बदलावं, किंवा फोटोवरच नाव, गाव, साल लिहावं. आजोबांच्या काळात फोटोच्या पाठीवर शाईने लिहायचे, त्याला कुठलं ॲप लागत नव्हतं.

आणखी एक गोष्ट नवीन आली आहे. लग्नाचे फोटोग्राफर आता हॉलच्या दारात क्यूआर कोड लावतात. सेल्फी टाका, तुमचे सगळे फोटो मोबाईलवर. सोय मोठी आहे. पण तिथे सेल्फीच्या जागी दुसऱ्या कोणाचा फोटो टाकला तर? गावातल्या एखाद्या मुलीचा फोटो कोणाकडे असेल, तर तिचे त्या लग्नातले सगळे फोटो त्याच्या हातात जाऊ शकतात. फोटोग्राफरला सुपारी देतानाच विचारावं, की ओटीपी आहे का आणि किती दिवसांनी फोटो काढून टाकणार. गुगल फोटोजमध्येही चेहऱ्यांचे गट बंद करता येतात, सेटिंगमध्ये गोपनीयतेखाली ते बटण आहे.

राहता राहिला पोस्टर. कोणाच्या घरचं मूल हरवलं तर आज लोक पहिल्यांदा फोटो ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, 'जास्तीत जास्त शेअर करा'. फोटो धावतो, पण मजकूर वाटेत गळतो. मग सापडलेल्या मुलाचाही फोटो वर्षभर फिरत राहतो. म्हणून नाव, गाव, पोलीस ठाणं आणि तारीख फोटोवरच छापलेली हवी. अंधेरीच्या त्या पोस्टरवरचे पाचपैकी चार नंबर नऊ वर्षांत बंद पडले होते. शेजारी त्याच वस्तीत राहिला आणि त्याने सिम बदललं नाही, म्हणून फोन लागला. घरच्यांच्या नंबरासोबत १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि ११२ हे दोन नंबर टाकायला जागा फार लागत नाही.