दप्तर जनतेचे, कुलूप कोणाचे?

आजोबांच्या जन्माची नोंद शोधीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविणारा नातू मोर्णाकाठच्या जुन्या शहरास अपरिचित नाही. त्याचा हा खटाटोप हौसेचा नव्हे. इतर मागासवर्गीयांच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या कागदास मोठे मोल असते, आणि मुलाचा प्रवेश वा नोकरी त्या एका ओळीवर अडून राहते.

वऱ्हाडात अशा जुन्या नोंदी पुष्कळदा कोतवाल बुकांत सापडतात. त्यांत वडिलांचे नाव व जात असते; परंतु बारसे व्हावयाचे असल्याने मुलाच्या जागी नुसते ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच असते. काही नोंदी तर मोडीत आहेत. अशी नोंद आपल्याच घराण्याची आहे की नाही, हे मूळ ओळ डोळ्यांनी पाहिल्यावाचून कसे ठरावे?

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाच्या १७ व्या कलमाने कोणाही व्यक्तीस नोंदवहीत शोध करविण्याचा अधिकार दिला आहे. पण त्यापुढे हाती पडतो तो निबंधकाने प्रमाणित केलेला कागद. दाखला म्हणजे कारकुनाने केलेले नोंदीचे वाचन. साधी नक्कल म्हणजे प्रत्यक्ष नोंद. वाचनात चूक झाली तर शिक्का त्या चुकीवरच बसतो! २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेख पाहण्याचा व टिपणे घेण्याचा हक्क मान्य केला आहे. मग प्रमाणित न केलेली साधी नक्कल देण्यास हरकत कोणती?

बनावट कागदांचे भय दाखविले जाईल. २०२५ साली विलंबित जन्मदाखल्यांवरून मालेगावाप्रमाणे अकोला व अमरावती येथेही वादळ उठले आणि राज्य शासनास असे दाखले देणे काही काळ थांबवावे लागले. दोषी कोण, हे तपासाने ठरावे. परंतु साधी नक्कल हा पुरावाच नव्हे. तीवर ‘केवळ माहितीसाठी’ असे ठळक छापता येते. शिवाय मूळ पान अनेकांच्या नजरेखाली असले, की त्यात मागाहून एखादी ओळ घुसडणे कठीण होते.

खाजगीपणाचा आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही. दत्तक मूल किंवा अविवाहित माता यांची नोंद कोणाच्याही चर्चेचा विषय होऊ नये. स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदींच्या प्रतिमा संगणकावर कोणासही पाहता येतात. अलीकडच्यांस तेथेही आडपडदा आहे. आपणही स्वतःच्या व पूर्वजांच्या नोंदीची नक्कल संबंधितांस, आणि शतकापूर्वीची सर्वांस, असा दंडक घालावा.

महानगरपालिकेने व महसूल खात्याने जुन्या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, मोडी जाणणारा माणूस नेमावा, शुल्क फलकावर लावावे आणि आठवड्यातून एक दिवस नकलांसाठी राखून ठेवावा. कागद जीर्ण होत चालले आहेत. पाने गळून पडल्यावर कुलूप उघडले, तर त्या उघडण्यास काय अर्थ उरणार?