पहिले ते प्रमाण नव्हे

घरातील मुलांस शंका आली की ती हल्ली आजोबांकडे न येता गूगलकडे जातात. त्याचा आम्हांस रोष नाही. जिज्ञासा जागी आहे हे उत्तमच. परंतु उत्तरांच्या यादीत जे अग्रस्थानी तेच सत्य, अशी समजूत मुलांची व वडीलधाऱ्यांचीही होऊ लागली आहे. तिचा विचार करणे अवश्य आहे.

शोधयंत्र हा क्रम लावते तरी कसा? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी मांडलेल्या रीतीचे मर्म असे : ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते महत्त्वाचे, बोट दाखविणारे पान स्वतः मान्यता पावलेले असेल, तर त्याचे वजन अधिक. पुढे तीत पुष्कळ भर पडली. तथापि पुष्कळांनी बोट दाखविले एवढ्याने कोणी आप्त ठरत नाही. न्यायशास्त्राप्रमाणे आप्त तो, जो विषय यथार्थ जाणतो व जाणतो तसाच सांगू इच्छितो.

आमच्याच शहराचे पाहा. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. १६२६ साली त्याचा पुत्र फत्तेखान याने तिचे फतेहनगर केले. १६५३ साली औरंगजेबाने औरंगाबाद. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संमतीने छत्रपती संभाजीनगर झाले. शोधणारा जे नाव लिहितो, बहुधा ते नाव वापरणाऱ्यांचीच पाने त्याच्यापुढे आधी येतात. मग एकाच घरातील काका आणि पुतण्या निरनिराळा इतिहास वाचतात व एकमेकांस अज्ञ म्हणतात! जुलै २०२२ मध्ये, केंद्राची संमती येण्यापूर्वीच, गूगलच्या नकाशावर संभाजीनगर हे नाव दिसू लागले आणि मोठा वाद माजला. कोणते नाव योग्य, हा येथे प्रश्न नव्हे. यंत्राने दाखविलेले नाव म्हणजे जणू निवाडाच, असे लोकांस वाटावे, ही गोष्ट चिंतनीय आहे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी एप्स्टाइन व रॉबर्टसन या अमेरिकन संशोधकांनी आपल्या देशातील दोन हजारांहून अधिक अनिश्चित मतदारांवर प्रयोग केला. यादीचा क्रम ज्या उमेदवाराकडे झुकविला, त्याकडे मतेही झुकली. आणि यादी कलती आहे असा संशय जवळजवळ कोणासही आला नाही. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. क्रम सदैव निःस्पृह असतो असेही नाही. स्वतःच्या सेवांस यादीत झुकते माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आता तर यादीच्याही वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर येते. खाली पाहण्याचे श्रमही वाचले!

आमच्या शास्त्रग्रंथांची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रथम येतो तो पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करावयाचे ते मत. सिद्धांत शेवटी येतो. घरोघरी हीच शिस्त लावावी. पहिले उत्तर पूर्वपक्ष समजावे. लिहिणारा कोण, आधार कोणता, त्यात हित कोणाचे, हे विचारावे. तोच प्रश्न विरुद्ध पक्षाच्या शब्दांत पुन्हा घालावा, आणि रात्री जेवणाच्या पंक्तीत दोन्ही उत्तरे सर्वांपुढे मांडावी. यंत्राने क्रम खुशाल लावावा. निर्णय मात्र आपल्या विवेकाचा असावा.