घरातली दोन मापे



आमच्या शाळेतील नववीची एक मुलगी यंदा तालुक्याच्या गायन स्पर्धेत पहिली आली. पुढची फेरी बीडला होती. दोन दिवस आधी तिचे अब्बा शाळेत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, लड़की अब बड़ी हो गई. गाना-वाना बस हुआ." आम्ही मान डोलावली आणि यादीत तिच्या जागी एका मुलाचे नाव लिहिले. भांडण नाही, वाद नाही. दोन मिनिटांत काम झाले.

मधल्या सुटीत ती मुलगी आली. रडली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, भाईजान गातात ते चालतं, मग माझं का नाही?"

तिचा भाऊ लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर गातो. त्याच्या गाण्याचा व्हिडिओ हेच अब्बा चौकातल्या हॉटेलात चहा पिता पिता चार लोकांना दाखवतात. आमच्या तोंडून निघून गेले, "बेटा, तो मुलगा आहे." बोललो आणि स्वतःचीच लाज वाटली. हे काही उत्तर नव्हते.

वाचकहो, गाणे जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघांनाही गाणे मना आहे, त्या घराशी आमचा वाद नाही. तिथे माप एकच आहे. आमचा सवाल आहे तो एकाच घरातल्या दोन मापांचा. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी भरणाऱ्या लोकांना कडक इशारा आहे. आपण तो फक्त दुकानदारासाठी आहे असे समजतो. तराजू घरातही असतो.

आपल्या बायका गात नव्हत्या असे कधी झाले आहे का? बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दखनी वळणाची ढोलकीची गीते आपल्या नानी-दादींनी हळदी-मेहंदीला म्हटली. विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे रचले, ते दळताना बायकांच्या तोंडी असावेत म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत आणि त्यात आपल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. दळण दळताना बाई गायली तर कुणाची हरकत नाही. गाण्याबरोबर तिचे नाव, मंच किंवा चार पैसे आले की मात्र हरकत सुरू होते. पुरुषाच्या बाबतीत नेमके उलटे, नाव आणि पैसा आला की त्याच्या गाण्याची इज्जत वाढते.

आपल्या देशात ग्रामोफोनचा धंदा उभा राहिला तो बायकांच्या आवाजावर. १९०२ साली कलकत्त्यात पहिल्या तबकड्या भरल्या गेल्या, त्यात गौहर जान होत्या. पण नावांकडे पाहा. पुरुष गायला की उस्ताद किंवा पंडित, बाई गायली की जान किंवा बाई. त्या नावापुढे लोक तिच्या घराण्याची तालीम विचारत नसत, चारित्र्य विचारत.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेला जन्मल्या. त्यांनी बाईच्या गाण्याला बैठकीतून काढून तिकीट लावलेल्या जलशात आणले. मंचावर त्या साध्या साडीत, हातवारे न करता बसत, म्हणजे लोकांनी गाणेच ऐकावे. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. पण विचार करा, त्यांच्या काळातल्या कोणत्या उस्तादाला आधी आपण शरीफ आहोत हे बसण्या-उठण्यातून सिद्ध करावे लागले आणि मग गावे लागले?

मैहरचे उस्ताद अलाउद्दीन खाँ यांच्या घरची हकीकत तर प्रत्येक बापाने ऐकावी. त्यांच्या थोरल्या मुलीला सासरी गाण्यापायी फार सोसावे लागले. त्या धसक्याने त्यांनी धाकट्या रोशनआराला शिकवायचे नाही असे ठरवले. शिकवत होते ते मुलाला, अली अकबरला. एके दिवशी अली अकबर रियाझात चुकले आणि छोट्या बहिणीने ती चूक सुधारून दाखवली. नुसते ऐकून ती शिकली होती. बापाने ते ऐकले आणि आपला फैसला बदलला. हीच मुलगी पुढे अन्नपूर्णा देवी म्हणून ओळखली गेली. १९४१ मध्ये रविशंकर यांच्याशी लग्न झाले. काही वर्षांनी त्यांनी मैफिलीत वाजवणे सोडले, ते कायमचे. नवऱ्याचे नाव जगभर झाले. त्या मुंबईच्या घरात दार लावून शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य त्यांनी घडवले. २०१८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांची सुरबहार प्रत्यक्ष ऐकलेली माणसे मोजकीच उरली होती.

हे जुने झाले असे म्हणाल, तर श्रीनगरचे उदाहरण घ्या. तिथल्या तीन शाळकरी मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी एका स्पर्धेत बक्षीस मिळवले. मग इंटरनेटवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या, मुफ्तींनीही विरोध केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला. काश्मीरमध्ये मुलांचे बँड आधीही होते, नंतरही राहिले. मुली दहावीत होत्या. आमच्या विद्यार्थिनीपेक्षा एकच वर्ष मोठ्या.

आता आमची चूक. आम्ही शाळेची गेल्या काही वर्षांची स्नेहसंमेलनाची पत्रके काढून पाहिली. स्वागतगीत दरवर्षी मुलींचे, समूहात. एकट्याने गायचा माईक बहुतेक वेळा मुलाच्या हातात. कुणी सांगितले नव्हते, आम्हीच तसे लावत आलो. म्हणजे दुसरे माप फक्त त्या अब्बांच्या घरी नव्हते, आमच्या कपाटातही होते.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. माणूस वाईट नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहितो, पोरांना शिकवतो. त्याने भीती सांगितली: मुलीबरोबर बीडला कोण जाणार, परतायला रात्र झाली तर काय, कुणी व्हिडिओ काढून पसरवला तर उद्या रिश्ता कसा येणार. यातली एकही भीती खोटी नाही. पण मुलगा रात्री दोनला लग्नातून परततो तेव्हा तीच काळजी असते आणि तिच्यावर इलाज शोधला जातो. मामाला सोबत पाठवतात, फोन करायला सांगतात. मुलीच्या बाबतीत इलाज शोधत नाहीत, गाणेच बंद करतात.

इलाज अवघड नाहीत. सोबत शाळेतल्या बाई जातील, अम्मीलाही नेता येईल. पालकांच्या परवानगीशिवाय व्हिडिओ कुणी काढायचा नाही, ही शाळेची जबाबदारी. बक्षिसाचे पैसे मुलीच्या खात्यात. आणि पोरीच्या गाण्यावर कुणी टपरीवर वेडेवाकडे बोलला, तर खाली मान घालायची ती बोलणाऱ्याने.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगले साल देखेंगे." आतून अम्मी बोलल्या, "अगले साल दसवीं है उसकी." त्यानंतर खोलीत कुणी काही बोलले नाही. पुढचे वर्ष म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

निघताना एवढे ठरले की २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ती शाळेत एकटी गाईल आणि अम्मी पहिल्या रांगेत बसतील. बीडची फेरी मात्र होऊन गेली. ती संधी आम्ही तिला परत देऊ शकत नाही. तिच्या सवालाचे उत्तरही आमच्याकडे अजून नाही. तुमच्या घरात कुणी तो विचारला असेल, तर तुम्ही काय उत्तर दिले, ते जरूर कळवा.