सेवेला बाई चालते, मग वेदीला का नाही?



अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात बचतगटाची बैठक होती. जागा देवळात. (तिकडची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) सतरंज्या गुंडाळता गुंडाळता एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "ताई, माझी मुलगी थिऑलॉजी शिकली, बी.डी. झाली. पाळक व्हायचं होतं तिला. मंडळीतले वडीलधारे म्हणाले, बाईच्या हातून प्रभुभोजन कोण घेईल? आणि अडचणीच्या दिवसांत ती वेदीपाशी कशी जाईल?" मुलगी आता शब्बाथशाळेत मुलांना गोष्टी सांगते.

अडचणीचे दिवस! बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने शिवलं म्हणून येशू काही विटाळला नव्हता. हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. मी ख्रिस्ती नाही. यांच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला, असं वाटलं. ते गप्प बसणं नंतर बोचत राहिलं.

विरोध करणारे पौलाच्या पत्रांवर बोट ठेवतात. करिंथकरांच्या पत्रात स्त्रियांनी सभेत गप्प राहावं असं आहे, तीमथ्याच्या पत्रात तर त्यांना शिकवायलाही मनाई आहे. पण करिंथकरांच्या त्याच पत्रात प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकाही आहेत. तिथे वाद आहे तो डोक्यावरच्या पदराचा. रोमकरांच्या पत्रात फिबी आहे. तिच्यासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द पुरुष पदाधिकाऱ्यांनाही लावलेला आहे. शास्त्रातलं कुठलं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि कुठलं हळू, हे आजवर कोणी ठरवलं?

कॅथलिक चर्चचं उत्तर वेगळं. स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 मध्ये जाहीर केलं. येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, हे एक मुख्य कारण. (ते बाराही यहुदी होते, पण धर्मगुरू यहुदीच हवा असं कोणी म्हणत नाही.) 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शास्त्रवाचन आणि वेदीसेवेची पदं स्त्रियांना रीतसर खुली केली. पुढचं दार बंदच आहे.

चर्च ऑफ साउथ इंडियाने 1976 मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली, 2013 मध्ये ई. पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. म्हणजे नियम बदलतात. मंडळीतली मनं बदलायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी मुलीच्या आयुष्यातून जातो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. वडिलांनी किंवा नवऱ्याने जी आडकाठी कधी केली नाही, ती यांनी का करावी, असा रमाबाईंचा सवाल होता. पुढे त्याच बाईने केडगावात बसून मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. शास्त्राचा शब्द न् शब्द तोलणारी ही बाई, आणि तिने पुरुषांना शिकवायचं नाही!

खरी अवघड गोष्ट त्या शिक्षिकाबाईंनी जाता जाता सांगितली. "हल्ली आमच्या प्रार्थनासभांवर लोक चालून येतात. अशा वेळी घरातलं भांडण बाहेर नेऊ नका, म्हणतात." भीती खोटी नाही. आपल्या बोलण्याचा वापर त्यांना झोडपायला होऊ शकतो, हे आपणही विसरू नये. पण 'आत्ता नको' हे कामगार संघटनांत ऐकलंय, दलित चळवळीतल्या मैत्रिणींनी ऐकलंय, शहाबानोच्या वेळी मुस्लिम बायकांनी ऐकलंय. तेव्हा बोलतील त्या बायका. आपण त्यांच्या मागे उभं राहायचं, पुढे नाही.

पुढच्या बैठकीला त्यांनी एकच काम सांगितलंय: त्यांच्या चर्चची घटना मराठीत मिळवून आणा. दीक्षेच्या कलमात नेमकं काय लिहिलंय, ते त्यांना स्वतः वाचायचंय.