पहाटे गाडी चालू होईना, तर आधी दिवे लावा



मुरबाड-शहापूरकडची भेंडी, काकडी, पालेभाजी कल्याणच्या बाजारात पोहोचवायची म्हणजे पहाटेच निघावे लागते. भरलेली गाडी अंगणातच अडून बसली आणि पहाटेचे गिऱ्हाईक पांगले, की तोच माल पडेल भावात द्यावा लागतो. रात्री-अपरात्री बाळंतिणीला कल्याणला किंवा ठाण्याला न्यायचे असेल, तर विचारायलाच नको. म्हणून आज पिकावरच्या किडीऐवजी गाडीच्या विजेबद्दल लिहितो.

पान पिवळे पडले की लगेच युरिया टाकू नये, आधी मूळ पाहावे, हे आपण या सदरात अनेकदा बोललो आहोत. इथेही तेच. सेल्फ फिरला नाही की बहुतेक जण एकदम म्हणतात, “बॅटरी गेली.” मग नवी बॅटरी येते, हजारो रुपये जातात, आणि आठवड्याने दुखणे पुन्हा उभे राहते, कारण दोष बॅटरीत नव्हताच.

बॅटरी १२ व्होल्टची असते. पुढचे दोन दिवे मिळून साधारण ९ ते १० अँपिअर वीज घेतात, तर सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात; डिझेल गाडीला त्याहूनही जास्त. त्यामुळे “दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली” हे म्हणणे खरे नव्हे. विहिरीवरचा पंप आठवा. व्होल्टेज कमी असले तर खोपीतला दिवा मिणमिणतो, पण मोटर नुसती घूं घूं करते, पाणी उचलत नाही. तसेच हे.

आता परीक्षा अशी. गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढा. पुढचे दिवे लावा आणि एकाला किल्ली फिरवायला सांगून आपण दिव्यांकडे पाहा. दिवे एकदम मंद झाले किंवा विझले आणि टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले, गंजलेले आहेत. दिवे तेजस्वी राहिले आणि काहीच आवाज आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, तुटलेली वायर, यांत शोधा. दिवे ठीक आणि एकच जोराचा ‘टक्’ आला, तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा कार्बन झिजले असावेत. आणि सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊ नका. तेव्हा डिझेल-पेट्रोल पोचते का ते पाहा. किल्ली मारमारून चांगली बॅटरी मात्र उतरेल.

टर्मिनलकडे पहिले लक्ष द्या, कारण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तिथे पांढरी-हिरवी बुरशी फार लवकर धरते. ती खरी बुरशी नव्हे, आम्लाने धरलेला क्षार आहे. आधी निगेटिव्ह वायर सोडावी, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ब्रशने घासावे, कोरडे करून पाना आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी. या कामात हातातील अंगठी, कडे काढून ठेवा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा तोंडातली विडी आधी विझवा.

एवढे करूनही सेल्फ आळसाने फिरत असेल तर अर्थिंग तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत एक जाड जंपर वायर लावून किल्ली मारा. लगेच चालू झाली, तर इंजिनची अर्थिंगची पट्टी खराब आहे. ही पट्टी बॅटरीच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असते. नवी बॅटरी घेण्याआधी हे करून पाहाच.

मीटर घरी असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ फिरताना १० च्या खाली गेली, तर ती अशक्त आहे. इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ दिसायला हवे. तसे नसेल तर अल्टरनेटर भरत नाही, आणि नवी बॅटरीही दोन-चार दिवसांत उतरेल. गावापासून स्टेशनपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी बॅटरी पुरती भरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

भातकापणीनंतर उंदीर शेत सोडून घराकडे, पेंढ्याकडे येतात आणि गाडीखाली शिरून वायरी कुरतडतात. गाडी उडवीच्या कडेला उभी करू नका. चार दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून आत लेंड्या दिसतात का, पाहावे.

पाण्यात बुडालेल्या गाडीचे तंत्र निराळे. २६ जुलै २००५ चा पूर कल्याण-बदलापूरकडच्यांना आठवतच असेल. जुलै २०१९ मध्येही उल्हास नदीने बदलापूर-वांगणीकडे तसाच वेढा घातला होता. पाणी ओसरले की लोक आधी किल्ली फिरवून पाहतात. तसे करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन हजारांचे काम मग पन्नास हजारांवर जाते. निगेटिव्ह वायर काढून ठेवा, गाडी ओढत मिस्त्रीकडे न्या.

बॅटरी खरोखरच मेली असेल तर ती उकिरड्यावर फेकू नये. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, आणि मोडीत तिचे पैसेही येतात. नवी घेताना जुनी दुकानदाराला देऊन तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्यावी.