पोरगं भ्यालेलं नाही

केम गावच्या कुठल्याही आळीत तीन वर्षांचं पोर बोलता बोलता 'प-प-प-पाणी' असं अडायला लागलं, की घरात निदान तयार असतं. कुत्रं अंगावर आलं, तेव्हापासून भ्यालंय. मामा तोतरा बोलतो, त्याची नक्कल करून करून लागलं. जीभ जड आहे. आणि सगळ्यांत शेवटी, हळू आवाजात: आईच सारखी खेकसते. ही चारही कारणं चूक आहेत आणि चौथं तर अन्यायाचं आहे.

भीतीचं आधी घेऊ, कारण ते सगळ्यांत पटतं. पटायला जागाही आहे. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो आणि बऱ्याच मुलांत तो एक-दोन दिवसांतच उमटतो. काल घडाघडा बोलणारं मूल आज अडतं. मग आई-आजी कालचा दिवस उकरून काढतात आणि तीन वर्षांच्या पोराच्या कुठल्याही दिवसात एखादं पडणं, एखादं कुत्रं सापडतंच. त्याच कुत्र्याला भ्यालेली आळीतली बाकीची पोरं सरळ बोलत राहिली, हे मात्र कोणी मोजत नाही. खरं तर हे वयच दोन शब्दांवरून लांब वाक्यांवर झेप घेण्याचं. बोलण्याच्या यंत्रणेवर सगळ्यांत जास्त ताण येतो तो तेव्हाच.

जिभेबद्दल वाद घालायचीही गरज नाही. हेच पोर गावातल्या उत्तरेश्वराच्या देवळात आरतीला उभं करा. सगळ्यांच्या सुरात ते बहुधा न अडता म्हणेल. जीभ तीच, टाळू तोच. बर्लिनचे नामांकित शल्यविशारद डीफेनबाख यांनी १८४१ साली तोतऱ्यांच्या जिभेला छेद देऊन पाहिला. रुग्णांना यातना झाल्या, पण तो इलाज टिकला नाही. आपल्याकडे सुरी नाही, वेखंड आहे. उगाळून मधातून चाटवतात. त्याने तोतरेपणा जातो याला पुरावा नाही आणि वेखंडातल्या घटकांच्या धोक्यामुळे अमेरिकेत ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे.

मामाचा दाखला मात्र मोलाचा, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला जातो. तोतरेपणा घराण्यात चालतो. एकसारख्या जुळ्यांत तो दोघांनाही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त आढळतं. २०१० साली संशोधक डेनिस ड्रेना यांच्या गटाने तोतरेपणाशी जोडलेले काही जनुकीय बदल शोधले, त्यांचा माग पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून लागला होता. भाच्याने मामाची नक्कल केली नाही, दोघांकडे एकच वारसा आला.

आता आई. हा आरोप आजीबाईंचाच आहे असं समजू नका, विद्यापीठानेही तो केला आहे. स्वतः तोतरे असलेले अमेरिकेतले संशोधक वेंडेल जॉन्सन म्हणत, तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, आईबापांच्या कानात जन्मतो. ते टोकतात म्हणून तो जडतो. १९३९ साली त्यांच्या देखरेखीखाली आयोवात २२ अनाथ मुलांवर प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं, तुम्ही तोतरे आहात. पुढे नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्या मुलांना तोतरेपणा जडल्याचा पुरावा मिळाला नाही. ती अबोल झाली, बोलायला लाजू लागली. २००१ साली आयोवा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. टोकल्याने तोतरेपणा निर्माण होत नाही, पण टोकल्याने पोराचं तोंड मिटतं.

मग खरं कारण काय? लहान मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये बोलण्याची जुळणी करणाऱ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंत, विशेषतः डाव्या बाजूला, फरक दिसले आहेत. तोतरेपणाचा कल तिथे असतो. केमचं कुंकू महाराष्ट्रभर जातं, म्हणून इथल्या बायकांना हे समजवावं लागणार नाही. कुंकू करताना क्षार लागला की हळद लाल होते, पण तोच क्षार वाळूत कालवा, वाळू लाल होत नाही. घाई, धाक, दमणूक यांनी अडखळणं वाढतं, ते कल असलेल्या पोराचं.

'आईचा दोष नाही ना, मग राहू द्या, मोठं झालं की सुटेल,' हे शिकलेल्या घरांतलं उत्तरही मला मान्य नाही. साधारण चारांतल्या तिघांचं सुटतं, हे खरं. चौथा कोणता, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. घराण्यात मोठेपणीही टिकलेला तोतरेपणा असेल, मुलगा असेल (मुलींचं जास्त प्रमाणात सुटतं), अडताना डोळे मिटत, मान झटकत असेल, सहा महिने उलटूनही कमी होत नसेल, तर वाट पाहू नका. वाचा-उपचारतज्ज्ञ शोधा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयातही वाचा-उपचाराचा विभाग आहे. केमहून मुंबई लांब आहे हे मला कळतं. पण शाळेतल्या पहिल्या चिडवण्याआधी गाठलेला उपचार नंतरच्या उपचारापेक्षा सोपा असतो.

तोवर घरात एवढं करा. 'सावकाश बोल' असं पोराला सांगू नका, आपणच सावकाश बोला. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. ते अडलं तरी त्याच्याकडे पाहत राहा आणि 'पाणी' येईपर्यंत तांब्या हातात धरून थांबा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. बोलणं उशिरा येणाऱ्या मुलाकडे त्याचं लक्ष जातं, पण अडखळणारं पोर तेव्हा मान हलवून उत्तर देतं आणि सुटतं. म्हणून त्या दिवशी सेविकेने आईला बोलावून घ्यावं, आणि पोर घरी कसं बोलतं ते पथकासमोर विचारावं.