पाच मिनिटांची विश्रांती कोणाला?

रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर बांधावा. एकदा नव्हे, दोनदा मोजावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ताटकळलेल्या मजुराला हे कोठून लाभणार? पट्टा तोकडा असला की आकडा फुगतो, आणि त्याच आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते. सुखवस्तू माणूस घरी यंत्र आणून खातरजमा करतो. दवाखान्यातील मर्यादा १४०/९०, तर घरची १३५/८५, हेही तो जाणतो. गरिबाच्या वाट्याला एकच घाईचा आकडा. प्रत्येक आरोग्यकेंद्रात पाठीची खुर्ची, लहानमोठे पट्टे, वेळोवेळी तपासलेली यंत्रे आणि पुरेसा सेवकवर्ग हवा. औषधे मोफत वाटणाऱ्या शासनाने प्रथम माप तरी खरे द्यावे.